कमरेची दुखापत कामामुळेच झाली, हे आयुक्तांसमोर कसे सिद्ध करावे?

दिघ्याहून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे पती रबाळे एमआयडीसीतील एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदारामार्फत डाय सेटर म्हणून, म्हणजे प्रेस यंत्रात जड धातूचे साचे (डाय) बसवण्याचे काम करत होते. त्यांचे वय ४० आणि पगार महिना २४,५०० रुपये. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, सोमवारी, पहिल्या पाळीत दुपारी पावणेतीनच्या सुमारास चेन पुली (ओझे उचलणारी साखळीची कप्पी) बंद असल्यामुळे त्यांनी आणि एका हेल्परने जड डाय हातानेच रॅकवरून उतरवली. ती प्रेसच्या बेडवर सरकवताना कमरेत कळ उठली, उजवा पाय बधिर झाला आणि ते जागेवरच बसले. सुपरवायझरने त्यांना रिक्षाने एका खासगी रुग्णालयात नेले आणि तिथे केसपेपरवर ‘घरी जिन्यावरून पडले’ अशी नोंद झाली. पुढे मणक्याची शस्त्रक्रिया झाली. कंपनीने पहिले बिल भरले आणि नंतर हात वर केले. ठेकेदाराचे म्हणणे असे की हे जुनेच दुखणे आहे, एमआरआयच्या अहवालातही ‘डिजनरेटिव्ह’ (झिजेमुळे झालेले) असे लिहिले आहे, आणि अपघाताची कुठे नोंदच नाही. अशा स्थितीत दुखापत कामामुळे झाली हे सिद्ध होऊ शकेल का, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, होऊ शकेल. मी वीस वर्षांहून अधिक काळ ठाण्यात कामगारांच्या बाजूने नुकसानभरपाईचे दावे चालवत आहे. वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंतच्या पट्ट्यातून येणाऱ्या कमरेच्या दाव्यांत आपण सांगितलेल्या तीनही अडचणी, म्हणजे चुकीचा केसपेपर, जुन्या आजाराचा आक्षेप आणि अपघाताची नोंद नसणे, जवळपास ठरलेल्या असतात. त्यातली पहिली सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. परंतु त्याआधी नेमके काय सिद्ध करायचे आहे ते स्पष्ट झाले पाहिजे, कारण पुष्कळदा कामगार गरजेपेक्षा फार जास्त सिद्ध करायला निघतात आणि जे खरोखर लागते ते राहून जाते.

आपल्या पतींचा अपघात ऑगस्ट २०२५ मधला आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याआधीच्या अपघाताचे हक्क कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ प्रमाणे पाहिले जातात. त्याच्या कलम ३ मध्ये दोन अटी एकत्र आहेत. अपघात नोकरी चालू असताना घडलेला असावा आणि तो नोकरीतून उद्भवलेला असावा. पहिली अट वेळेची आणि जागेची आहे, दुसरी कार्यकारणाची. सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर आहे, हे खरे. परंतु फौजदारी खटल्यासारखी संशयातीत खात्री इथे लागत नाही. दोन शक्यतांपैकी कामाची शक्यता अधिक वजनदार ठरली की पुरे. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली एका बेपत्ता खलाशाच्या प्रकरणात हेच सांगितले होते की प्रत्यक्ष पुरावा नसला तरी परिस्थितीवरून अनुमान काढता येते, मात्र ते अनुमान नुसत्या तर्कावर नव्हे, सिद्ध झालेल्या गोष्टींवर उभे असले पाहिजे. त्या प्रकरणात खलाशाच्या कुटुंबाचा दावा फेटाळला गेला, कारण तो जहाजावरून नेमका कसा नाहीसा झाला याकडे बोट दाखवणारी एकही गोष्ट नोंदीत नव्हती. म्हणून मी प्रत्येक अशिलाला आधी विचारतो की आपल्याकडे अशा लहान लहान सिद्ध होऊ शकणाऱ्या गोष्टी किती आहेत. आपल्या प्रकरणात त्या बऱ्याच दिसतात.

ठेकेदाराचे वकील कैफियतीत बहुधा असेही म्हणतील की यंत्र तुटले नाही, डाय पडली नाही, कोणी घसरले नाही, मग ‘अपघात’ झालाच कुठे? रोजचे काम करताना शरीराला अनपेक्षित इजा होणे हाही कायद्याच्या दृष्टीने अपघातच आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०३ साली, यंत्राचे अडकलेले चाक जोर लावून फिरवताना अंतर्गळ (हर्निया) झालेल्या कामगाराच्या बाबतीत हा अर्थ लावला, आणि आपला १९२३ चा कायदा त्याच धाटणीच्या ब्रिटिश कायद्यावर बेतलेला असल्यामुळे आपल्याकडेही तो स्वीकारला गेला आहे. तेव्हा अर्जात ‘कमरेचा त्रास सुरू झाला’ असे मोघम लिहू नका. तारीख, वेळ, कोणत्या क्रमांकाची प्रेस, कोणती डाय, तिचे अंदाजे वजन, ती कोणत्या उंचीवरून उचलली, कोण सोबत होते, आणि कळ आली तेव्हा शरीर कोणत्या स्थितीत होते, असे सगळे लिहा. क्षण ठरला की अपघात ठरतो. ‘गेले काही महिने दुखत होते’ अशी सुरुवात असलेला अर्ज मी पाहतो तेव्हा तो अर्धा हरलेला असतो.

आता केसपेपर. रुग्णालयात नेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ आणि जे उत्तर मिळते ते ‘हिस्टरी’ म्हणून लिहिले जाते. वेदनेने तळमळणारा माणूस क्वचितच स्वतः बोलतो. त्याला आणणारा माणूस बोलतो. कामावरचा अपघात म्हटला की रुग्णालय पोलिसांना कळवणार, एमएलसी म्हणजे पोलिसी प्रकरणाची वैद्यकीय नोंद होणार, कारखाना निरीक्षक येणार, ही भीती सुपरवायझरच्या मनात असते आणि ‘घरी पडला म्हणून सांग, बिलाचं कंपनी बघेल’ हे वाक्य रिक्षातच ठरते. कामगारही त्या वेळी मान डोलावतो, कारण त्याला बिलाची चिंता असते. त्याला दोष देणे मला कधीच जमले नाही. परंतु या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांसमोर उलटतपासणीत हीच ओळ त्याच्यापुढे धरली जाते, आणि तो गोंधळला तर बाकीचा सगळा पुरावा दुबळा होतो.

या ओळीला उत्तर त्याच रुग्णालयाच्या इतर कागदांत सापडते. काही वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एका गोदामातील हमालाचा दावा माझ्याकडे होता. त्याच्याही केसपेपरवर घरी पडल्याची नोंद होती. आम्ही पूर्ण वैद्यकीय नोंदी मागवल्या, तेव्हा पन्नासएक पानांच्या गठ्ठ्यात दाखल करून घेतानाचा परिचारिकेचा कागद निघाला. त्यावर ‘कोणी आणले’ या रकान्यात एका माणसाचे नाव आणि नात्याच्या जागी ‘सुपरवायझर’ असे लिहिले होते; खाली रुग्णाच्या वस्तूंच्या यादीत ‘सेफ्टी शूज एक जोड, कंपनीचे ओळखपत्र, घड्याळ’ अशी नोंद होती. दाखल केल्याची वेळ दुपारी सव्वातीन. गोदामाच्या हजेरीत त्याची सकाळची नोंद होती आणि बाहेर पडल्याची नव्हती. घरी जिन्यावरून पडलेला माणूस सेफ्टी शूज घालून, पाळीच्या वेळेत, सुपरवायझरसोबत रुग्णालयात कसा आला, या प्रश्नाचे उत्तर गोदामवाल्यांच्या साक्षीदाराला देता आले नाही. परिचारिकेने ते रकाने कोणाच्या बाजूने म्हणून भरले नव्हते, नेहमीच्या सवयीने भरले होते, आणि म्हणूनच त्यांना वजन होते.

तेव्हा ताई, पहिले काम हे करा. पतींच्या सहीने रुग्णालयाला लेखी अर्ज द्या आणि संपूर्ण नोंदींची प्रत मागा. नुसते डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. आकस्मिक विभागाच्या नोंदवहीतील नोंद, दाखल करतानाचा हिस्टरीचा कागद, परिचारिकांच्या नोंदी, शस्त्रक्रियेचे टिपण, भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेली माहिती, आणि बिल कोणी, कोणत्या खात्यातून भरले त्याच्या पावत्या, हे सगळे नावानिशी मागा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे अशी मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात. भूलतज्ज्ञांचे टिपण मी मुद्दाम सांगतो, कारण ते रुग्णाशी निवांत बोलतात आणि तिथे पुष्कळदा ‘जड वस्तू उचलताना’ हे शब्द सापडतात. कंपनीने पहिले बिल भरले ही गोष्टही मोलाची आहे. घरी पडलेल्या ठेका कामगाराचे बिल कारखाना कशासाठी भरेल?

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. कोणी सुचवेल की डॉक्टरांना गाठून जुन्या कागदावर खाडाखोड करून घ्या किंवा मागच्या तारखेचा नवा कागद बनवून घ्या. त्याने खरा दावाही खोटा ठरतो. त्याऐवजी पतींनी प्रतिज्ञापत्रात सरळ लिहावे की रुग्णालयात ती माहिती कोणी दिली, कोणत्या कारणाने दिली, आणि त्या वेळी ते स्वतः गप्प का राहिले. सत्य आधीच आपल्या बाजूने सांगितलेले असले की उलटतपासणीत ते बाहेर काढल्याचे समाधान समोरच्याला मिळत नाही.

रुग्णालयाबाहेरचा पुरावा गोळा करताना ‘घटना कोणी पाहिली’ एवढ्यावरच अडकून पडू नये. पंचिंगच्या नोंदी घ्या, त्या मिळत नसतील तर त्या महिन्याची पगारचिठ्ठी आणि बँकेत आलेली रक्कम पाहा. ११ तारखेचा दिवस भरला गेला असेल तर त्या दिवशी ते कामावर होते हे ठरते. चेन पुली बंद होती हा आपल्या दाव्याचा कणा आहे. ती दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकची भेट, देखभाल विभागाची चिठ्ठी, किंवा आधीच्या आठवड्यात कामगारांनी व्हॉट्सॲप गटावर टाकलेला ‘चेन पुली अजून झाली नाही’ असा एखादा निरोप, यातले काहीही चालेल. त्या दिवशीच्या प्रॉडक्शन शीटवर कोणत्या वेळी डाय बदलली त्याची नोंद असते. पतींनी त्या संध्याकाळी आपल्याला, भावाला किंवा सुपरवायझरला केलेले फोन आणि पाठवलेले निरोप तसेच ठेवा. फोन बदलू नका, गप्पा पुसू नका. असे निरोप पुराव्यात आणताना १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते आपले वकील तयार करतील. सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत पुसले जाते, तरीही ते जपून ठेवण्याची लेखी मागणी केलेली असावी, म्हणजे ‘आमच्याकडे नाही’ या उत्तराची तरी नोंद होते.

सोबतचा हेल्पर नोकरीच्या भीतीने बोलणार नाही, असे आपण गृहीत धरले असेल. त्याच्याकडून घाईने प्रतिज्ञापत्र लिहून घेण्याचा आग्रह धरू नका. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद हजर करवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम २३ ने दिलेले आहेत. समन्स निघाले की हेल्परला मालकाला सांगता येते की मी स्वतःहून गेलो नाही, मला बोलावले आहे. सुपरवायझरलाही याच मार्गाने बोलावता येते, आणि रुग्णालयाच्या नोंदीत त्याचे नाव निघाले तर तो कोणत्याही बाजूने बोलला तरी रुग्णालयात कोणी नेले हे त्याला नाकारता येणार नाही.

अपघाताची नोंद नाही, यामुळे मात्र आपण खचून जाऊ नये. नोंद ठेवणे आणि कळवणे हे मालकाचे कर्तव्य होते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे ज्या अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकत नाही तो कारखाना निरीक्षकांना कळवणे बंधनकारक होते, आणि कलम ३४ प्रमाणे इजा होईल इतके जड ओझे कोणाला उचलायला लावणे निषिद्ध होते. माहितीच्या अधिकारात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे त्या कारखान्याकडून ऑगस्ट २०२५ मध्ये अपघाताची सूचना आली होती का, हे विचारा. ‘आली नाही’ हे उत्तरही दाखल करा. ज्याने कर्तव्य असताना नोंद केली नाही किंवा असलेली नोंद हजर केली नाही, त्याच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढण्याची मागणी आयुक्तांकडे करता येते.

आपण स्वतः मालकाला लेखी सूचना दिली नसेल तर ती आज द्या. कलम १० मध्ये सूचना लवकरात लवकर द्यावी असे म्हटले आहे, परंतु मालकाला त्या सुमारास अन्य मार्गाने अपघात कळला असेल तर सूचना न दिल्यामुळे दावा बाद होत नाही. आणि आपल्या प्रकरणात सुपरवायझरच रुग्णालयात घेऊन गेला होता. सूचना नोंदणीकृत टपालाने आणि पोच घेऊन, कंपनी आणि ठेकेदार या दोघांनाही पाठवा. दाव्याची मुदत अपघातापासून २ वर्षांची आहे, म्हणजे ११ ऑगस्ट २०२७ च्या आत अर्ज दाखल झालाच पाहिजे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नका.

आता जुन्या आजाराचा आक्षेप. चाळिशीतल्या माणसाच्या मणक्याच्या एमआरआयमध्ये ‘डिजनरेटिव्ह’ हा शब्द आला नाही असे फार क्वचित घडते. वयाबरोबर मणक्यांमधल्या गाद्या झिजतात. म्हणून झीज होती की नव्हती यावर वाद घालत बसू नये. झीज होती, असे मान्य करून पुढे विचारावे की मग १० ऑगस्टपर्यंत हा माणूस रोज आठ तास डाय कसा उचलत होता, आणि ११ तारखेला दुपारी काय बदलले? कायद्याला काम हे एकमेव कारण असण्याची गरज वाटत नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१० साली, ज्याच्या महारोहिणीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) फुगवटा इतका वाढला होता की तो झोपेतही फुटला असता, अशा कामगाराला पान्याने नट आवळताना मृत्यू आला तेव्हा नुकसानभरपाई मान्य केली. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या काळात, बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या हृदयविकार असलेल्या एका रखवालदाराच्या प्रकरणात हेच तत्त्व लावले: कामाच्या ताणाने मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, एवढे दिसले तरी कामाशी संबंध जुळतो. कमरेच्या दुखापतीलाही हे तंतोतंत लागू पडते. झिजलेल्या गादीवर जड डायचा भार येऊन ती फुटली, तर फुटण्याला काम कारणीभूत आहे.

परंतु या तत्त्वाला मर्यादा आहे, आणि ती लपवणे योग्य होणार नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वाहनावरच्या क्लीनरच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूचा दावा अमान्य केला, कारण तो कामावर होता यापलीकडे कामाचा कोणता ताण पडला याचा पुरावाच नव्हता. कामावर असताना त्रास झाला, एवढ्याने भागत नाही. कामातल्या कोणत्या गोष्टीने झाला, हे दाखवावे लागते. म्हणूनच डायचे वजन आणि बंद पडलेली चेन पुली यांवर मी इतका भर देत आहे.

इथे डॉक्टरांचे मत निर्णायक ठरते, आणि ते कसे मागितले जाते यावर पुष्कळ अवलंबून असते. कामगार डॉक्टरांकडे जातो आणि म्हणतो, ‘कामामुळे झालं असं लिहून द्या.’ डॉक्टर सावध होतात, ‘असे निश्चित सांगता येणार नाही’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मी एक पानाचे पत्र तयार करून देतो. त्यात रुग्णाचे काम, दिवसातून किती वेळा डाय बदलावी लागते, अंदाजे वजन, उचलताना वाकण्याची आणि वळण्याची स्थिती, त्या दिवशीची घटना आणि पहिली लक्षणे किती मिनिटांत दिसली, एवढे तपशील असतात. त्याखाली तीन प्रश्न असतात. ही हालचाल आणि हा भार अशी इजा करू शकतो का? एमआरआयमधील कोणत्या खुणा जुन्या झिजेच्या आहेत आणि कोणत्या ताज्या इजेशी जुळतात? आणि आधी लक्षणे नसताना घटनेनंतर लगेच ती सुरू झाली, हे पाहता घटनेने या स्थितीला हातभार लावला किंवा ती वाढवली असण्याची शक्यता अधिक आहे का? या तिसऱ्या प्रश्नाला ‘होय, शक्यता अधिक आहे’ असे उत्तर देणे प्रामाणिक डॉक्टरांना जड जात नाही, आणि आयुक्तांना तेवढेच पुरते. पहिल्या दिवशीच्या तपासणीत पाय सरळ उचलल्यावर किती अंशांवर कळ आली आणि पाऊल लुळे पडले होते का, या नोंदी असतील तर त्या डॉक्टरांपुढे ठेवा. अचानक सुरू झालेल्या त्रासाची ती चांगली खूण असते.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर साक्षीला यायला हवेत. नुसते प्रमाणपत्र दाखल करून डॉक्टरांची साक्ष न झाल्यामुळे पडलेले दावे मी पाहिले आहेत. ते येण्यास नाखूश असतील तर समन्स काढून घ्यावे. मणक्याची इजा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, ठरलेल्या टक्केवारीच्या यादीत नाही, त्यामुळे कमाईची क्षमता किती टक्के गेली हे पात्र डॉक्टरांनीच सांगावे लागते. अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराची हानी शंभर टक्के धरली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. डाय सेटरला वाकता आणि उचलता येत नसेल तर त्याच्याकडे दुसरे कोणते काम शिल्लक राहते, हे त्याच्या शिक्षणासह डॉक्टरांच्या आणि आपल्या साक्षीत आले पाहिजे. त्याचा रकमेवर किती परिणाम होतो ते पाहा: कायद्यात वयानुसार ठरलेला चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७ आहे, पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली जाते, त्यामुळे त्याच्या साठ टक्क्यांनी पूर्ण हानीची रक्कम १६,५७,५३० रुपये होते. हानी ४० टक्के ठरली तर ६,६३,०१२ रुपये. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, म्हणून औषधांच्या लहान पावत्याही ठेवा.

पतींना पूर्वी कधी कमरेचा त्रास झाला असेल, एखाद्या दवाखान्यात त्यांनी गोळ्या घेतल्या असतील, तर ते वकिलांना आणि डॉक्टरांना आधी सांगा. दोन वर्षांपूर्वी चार दिवस दुखले आणि मग थांबले, ही माहिती आपल्या तोंडून आली तर निरुपद्रवी असते. मालकाने शोधून काढली तर घातक होते. मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरांकडून तपासणी करण्यास सांगितले तर जावे, कारण नकार दिल्यास कलम ११ प्रमाणे हक्क स्थगित होतो. जाताना सोबत कोणीतरी असावे आणि अहवालाची प्रत मागावी.

‘त्यानेच निष्काळजीपणा केला, पट्टा बांधला नाही’ असा बचाव पुढे येईल. साधा निष्काळजीपणा हा या कायद्यात बचाव नाही. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा स्पष्ट आदेश हेतुपुरस्सर मोडणे किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणे, एवढीच कारणे मालकाला उपयोगी पडतात, आणि तीही मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर लागू होत नाहीत.

ठेकेदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतील. कंपनीच्या नेहमीच्या कामासाठी, कंपनीच्या आवारात ठेका कामगार लावला असेल तर कलम १२ प्रमाणे मूळ कंपनीही जबाबदार आहे. ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकते. दोघांनाही प्रतिवादी करा, आणि विमा असेल तर विमा कंपनीलाही. नोकरीचा पुरावा म्हणून गेट पास, पीएफचे पासबुक आणि बँकेचे उतारे जोडा.

आपल्या पतींचा पगार २१,००० रुपयांच्या वर असल्यामुळे ते राज्य कामगार विम्याच्या कक्षेबाहेर होते, असे मी धरले आहे. पगारचिठ्ठीत त्या विम्याची कपात दिसत असेल तर मला जरूर कळवा, कारण मग मार्ग वेगळा होतो: विमाधारकाला १९२३ च्या कायद्याखाली दावा करता येत नाही, महामंडळाकडे जावे लागते. तिथे पुराव्याच्या दृष्टीने कामगाराला मोठा आधार आहे. नोकरी चालू असताना अपघात झाला एवढे सिद्ध झाले आणि उलट पुरावा नसेल, तर तो नोकरीतूनच उद्भवला असे कायदाच गृहीत धरतो.

याच अनुषंगाने, प्रवासातल्या अपघातांबद्दलही या पट्ट्यातून मला वारंवार विचारले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. बेस्टचा एक चालक जोगेश्वरी डेपोतून काम संपवून बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी जाताना अपघातात मरण पावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली तो कामाचाच भाग मानला. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाला २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला. तिथेही वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवावाच लागला. नव्या संहितेत तर प्रवासातल्या अपघातांची तरतूद स्पष्ट शब्दांत आली आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून पाळीसाठी येणाऱ्यांनी त्या दिवशीची पाळी, निघण्याची वेळ आणि नेहमीचा रस्ता यांचा पुरावा जपून ठेवावा.

आपला अर्ज ठाण्यात, कामगार न्यायालयात आयुक्त म्हणून काम पाहणाऱ्या न्यायाधीशांकडे दाखल होईल. इथेच सगळा पुरावा पुरा करायचा आहे, कारण वस्तुस्थितीबाबत आयुक्तांचा निर्णय अखेरचा असतो आणि उच्च न्यायालयात कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच अपील चालते. राहिलेला साक्षीदार तिथे आणता येत नाही. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे.

या काळात ठेकेदार ‘एक लाख घ्या आणि सही करा’ असे म्हणत घरी येईल. हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे निरर्थक आहे, आणि तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. तरीही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर पतींची सही होऊ देऊ नका, कारण त्याच कागदावर उद्या ‘माझा त्रास जुना आहे’ हे वाक्य सापडते. रुग्णालयाचा अर्ज आधी द्या, त्याची पोच घ्या, आणि नोंदी हातात आल्या की परिचारिकांच्या नोंदींचे पान सर्वांत आधी उघडून ‘कोणी आणले’ या रकान्यात काय लिहिले आहे ते मला कळवा.